बेलोरा-मुंबई विमान पावणेदोन तासांचं. धारणी, वरुड, परतवाड्याच्या माणसाला मात्र किती तास?

अमरावती : मोबाईलवर ‘अमरावती ते मुंबई विमानाने किती वेळ’ असं टाकलं की उत्तर लगेच येतं. अंतर साधारण ५४० किलोमीटर, वेळ एक तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं. विमान सुरू झालं तेव्हाच्या वेळापत्रकात हाच प्रवास एक तास ४५ मिनिटांचा होता. आणि परतवाड्याच्या एखाद्या माणसाने घराला कुलूप लावल्यापासून परळला पोचेपर्यंतचा वेळ मोजला, तर तो सात तासांच्या वर जातो. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. तिकीट काढताना यातला कोणता धरायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि बहुतेक लोक पहिलाच धरतात.

त्यातही आधी एक खात्री करून घ्यावी लागते. इंग्रजीत शोधलं तर कित्येकदा आंध्र प्रदेशातली अमरावती समोर येते. ती मुंबईपासून सरळ रेषेतच आठशे किलोमीटरच्या वर आहे आणि तिथे जायला विजयवाड्याच्या विमानतळावर उतरावं लागतं. आपलं विमानतळ बेलोऱ्याचं, अमरावती शहरापासून यवतमाळ रोडने १५ किलोमीटरच्या आसपास. नकाशात नुसतं ‘बेलोरा’ टाकू नये, कारण चांदूर बाजार तालुक्यातही एक बेलोरा आहे. विमान पकडायला निघालेला माणूस तिकडे पोचला तर विमान काही थांबत नाही.

५४० किलोमीटरला पावणेदोन तास का लागतात?

मोबाईलवरचं ५४० किलोमीटर हे अंतर सरळ रेषेतलं. नकाशावर बेलोरा आणि मुंबई या दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून मोजावं तसं. रस्त्याने किंवा रेल्वेने हेच अंतर साडेसहाशेच्या पुढे जातं. वेळ काढताना या वेबसाईट बहुतेक वेळा मोठ्या जेट विमानाचा वेग धरतात, म्हणजे ताशी आठशे किलोमीटर किंवा जास्त, आणि त्यात चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं मिळवतात.

पण बेलोऱ्याला जेट येत नाही. इथे १६ एप्रिल २०२५ रोजी जी सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरच्या एटीआर-७२ विमानाची. पंख्यांचं, सत्तरेक जागांचं विमान. पूर्ण वेगात आलं तरी ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासच चालतं. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच तासभर, पाच-दहा मिनिटं वर. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं, मुंबईजवळ वळसा घालून रांगेत येणं आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंत जाणं हे सगळं धरलं की पावणेदोन तास होतात. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हा वेळ आधीच धरून ठेवतात. म्हणून एखाद्या दिवशी विमान वेळेच्या वीस मिनिटं आधी उतरलं तर पायलटने फार जोरात चालवलं असं समजायचं कारण नाही, त्या दिवशी रांग नव्हती इतकंच.

जेट न येण्यामागे धावपट्टी आहे. बेलोऱ्याची जुनी पट्टी १,३७२ मीटरची होती, ती वाढवून १,८५० मीटर केली. एटीआरला तेवढी भरपूर झाली. इंडिगो किंवा एअर इंडिया नागपूरहून जी मोठी विमानं चालवतात त्यांना पूर्ण भरून उडायला साधारण दोन किलोमीटरहून लांब पट्टी लागते.

आता नागपूरचं पाहा. नागपूर-मुंबई सरळ अंतर ६८० किलोमीटरच्या जवळपास. अमरावतीपेक्षा १४० किलोमीटर जास्त. तरी नागपूरचं जेट मुंबईला दीड ते पावणेदोन तासांतच पोचतं. म्हणजे जवळच्या विमानतळावरून बसा की लांबच्या, विमानातला वेळ जवळपास तेवढाच. दोन्हीतला खरा फरक विमानतळापर्यंत जाण्यात आहे, आणि विमान कोणत्या दिवशी, किती वाजता आहे त्यात आहे.

सोमवारी गेला, बुधवारी आला

सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीन दिवस होतं : सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुंबईहून दुपारी २.३० ला निघून बेलोऱ्याला ४.१५ ला, आणि इथून ४.४० ला निघून मुंबईला संध्याकाळी ६.२५ ला. विमानांचं वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर असं वर्षातून दोनदा बदलतं, त्यामुळे आज तिकिटावर दिसणारी वेळ वेगळी असू शकते. पण सुरुवातीच्या या वेळा घेऊन केलेला हिशेब पाहण्यासारखा आहे, कारण वेळ बदलली तरी हिशेब करायची पद्धत तीच राहते.

समजा, मंत्रालयात एका दिवसाचं काम आहे. मंगळवारी. विमानाने जाणारा माणूस सोमवारी दुपारी ४.४० ला बेलोऱ्याहून निघाला, संध्याकाळी मुंबईत उतरला, लॉजवर राहिला. मंगळवारी काम झालं. मंगळवारी विमान नाही, म्हणून रात्री पुन्हा लॉज. बुधवारी दुपारी २.३० ला निघून ४.१५ ला बेलोऱ्याला परत.

रेल्वेने जाणारा सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमारास अमरावती-मुंबई एक्स्प्रेसमध्ये बसला. मंगळवारी सकाळी साडेसहा-सातच्या दरम्यान सीएसएमटीला उतरला, तोंड धुतलं, चहा घेतला आणि काम केलं. रात्री आठच्या सुमाराची परतीची गाडी धरली. बुधवारी सकाळी सात-साडेसातला अमरावतीत.

पावणेदोन तासांच्या विमानाने गेलेला माणूस अकरा तासांच्या गाडीने गेलेल्यापेक्षा दोन-अडीच तास आधी निघाला आणि आठ-नऊ तास उशिरा परत आला. मुंबईतल्या लॉजचं दोन रात्रींचं भाडं वेगळंच.

याचा अर्थ विमान कुचकामी असा होत नाही. काम दोन-तीन दिवसांचं असेल, लॉजचा खर्च तसाही होणारच असेल, तर विमान बरं पडतं. दुसरा एक उपाय दोन्ही मिळून आहे, आणि तो फारसा कुणाला सुचत नाही : जाताना रात्रीची गाडी, येताना विमान. मंगळवारी रात्री निघायचं, बुधवारी सकाळी मुंबईत उतरायचं, सकाळचं काम उरकायचं आणि दुपारच्या विमानाने संध्याकाळपर्यंत घरी. लॉज एक रात्रही नाही. अट एवढीच की विमान अडीचचं असेल तर साडेअकराच्या आत मुंबईतल्या कामाच्या ठिकाणाहून निघता आलं पाहिजे. कागद देऊन यायचा असेल, सही घ्यायची असेल तर जमतं. साहेब बारानंतर भेटणार असतील तर नाही जमत.

दवाखान्यासाठी जाणाऱ्यांचं गणित

जिल्ह्यातून मुंबईला जाणाऱ्यांमध्ये परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबं असतात. त्यांच्यासाठी या वेळांचा अर्थ आणखी वेगळा आहे. ओपीडीची रांग सकाळी लागते. रात्रीच्या गाडीने गेलेला पेशंट सकाळी थेट रांगेत जाऊ शकतो. संध्याकाळी उतरणाऱ्या विमानाने गेलेल्याला आधी राहायची सोय पाहावी लागते, आणि परळ भागात ती सोपी नाही, स्वस्त तर नाहीच.

परतताना मात्र चित्र उलटं होतं. ऑपरेशन झालेल्या किंवा किमो घेतलेल्या माणसाला अकरा तास गाडीत झोपवून आणणं आणि पावणेदोन तास खुर्चीत बसवून आणणं यात फार फरक आहे. घरात पेशंट असलेल्यांनी म्हणून जायचं आणि यायचं तिकीट एकाच साधनाचं काढायचा हट्ट धरू नये. नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं असेल, ऑक्सिजन लागत असेल तर विमान कंपनी डॉक्टरचं ‘प्रवासास योग्य’ असं पत्र मागते. ते डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावं. काउंटरवर उभं राहून ते मिळत नसतं. व्हीलचेअर लागणार असेल तर तीही तिकीट काढतानाच सांगून ठेवावी.

तालुक्यागणिक हिशेब वेगळा

आपल्या जिल्ह्यात १४ तालुके. बेलोरा सगळ्यांना सारखंच जवळ नाही.

परतवाड्याहून अमरावती ५० किलोमीटरच्या आसपास. तिथून पुढे बेलोरा. विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे ४.४० च्या विमानाला सव्वातीन-साडेतीनला पोचलेलं बरं. रस्त्याला दोन तास आणि वर थोडी सवड धरली तर घरून एक वाजता निघावं लागतं. मुंबईत ६.२५ ला उतरून, बॅग घेऊन बाहेर यायला सात. संध्याकाळच्या गर्दीत विमानतळाहून परळ म्हणजे तास-सव्वा तास. सव्वाआठ झाले. एक ते सव्वाआठ, सव्वासात तास. यातले विमानातले पावणेदोन.

धारणीचं गणित याहून अवघड आहे. धारणी ते अमरावती अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, हरिसाल, सेमाडोह करत घाटातून परतवाड्याला उतरायचं. चार तास लागतातच, पावसाळ्यात जास्त. म्हणजे दुपारच्या विमानाला सकाळी दहाला घर सोडायचं आणि रात्री सव्वाआठला परळ. दहा तास. त्यापेक्षा मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर स्टेशन धारणीकरांना जवळ पडतं, आणि मुंबई-खंडवा मेन लाईन तिथूनच जाते. बऱ्हाणपूर ते मुंबई पाचशे किलोमीटरच्या आत. एकूण वेळ जवळपास तेवढाच, तिकीट स्लीपरचं. मेळघाटातल्या माणसाला बेलोऱ्याच्या विमानाने वेळ वाचल्याचं हिशेबात दिसत नाही.

वरुडचं वेगळंच. वरुडहून अमरावती नव्वद किलोमीटरच्या घरात आणि नागपूरही जवळपास तेवढंच. संत्र्याचा व्यापार, नातेवाईक, दवाखाने, सगळी ये-जा नागपूरकडे आधीपासून आहे. हायकोर्टाचं कामसुद्धा अमरावती जिल्ह्यासाठी नागपूर खंडपीठातच चालतं, मुंबईला जावं लागत नाही. नागपूरहून मुंबईला रोज अनेक विमानं आहेत, सकाळी आहेत, रात्रीही आहेत. एक रद्द झालं तर दुसरं मिळू शकतं. वरुडच्या माणसाने आठवड्यातून तीन दिवसांच्या विमानाची वाट का पाहावी?

धामणगाव आणि चांदूर रेल्वे ही दोन्ही स्टेशनं मेन लाईनवर, शिवाय समृद्धी महामार्गही त्याच भागातून जातो. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. चार माणसं एका गाडीत जाणार असतील तर चार विमान तिकिटांपेक्षा डिझेल आणि टोल मिळून स्वस्त पडतं आणि घरापासून घरापर्यंत नऊ-दहा तासांत माणूस मुंबईत असतो. सलग एकाच ड्रायव्हरने चालवू नये, एवढं मात्र पाळावं लागतं.

खरा फायदा राहतो तो अमरावती शहर, बडनेरा, भातकुली, नांदगाव खंडेश्वर या पट्ट्याला. तिथून बेलोरा जवळ आहे.

रद्द झालं तर?

तीन दिवसांच्या सेवेत हा प्रश्न मोठा आहे. नियमाप्रमाणे कंपनीने विमान रद्द केलं तर प्रवाशाला पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं एक मिळतं. पण ‘दुसरं विमान’ दोन दिवसांनी असेल तर त्या जागेचा उपयोग लग्नाला, परीक्षेला किंवा ऑपरेशनच्या तारखेला होत नाही. तारीख चुकवता येत नसेल अशा कामाला एक दिवस हातात ठेवावा, किंवा रेल्वेचं तिकीट आधी काढून ठेवावं. गाडी सुटण्याच्या बरंच आधी रेल्वेचं पक्कं तिकीट रद्द केलं तर ठरावीक रक्कमच कापली जाते, विमानाच्या स्वस्त तिकिटात मात्र बरेच पैसे जातात. पावसाळ्यात मुंबईत ढग खाली आले की उशीर ठरलेलाच.

आता मुंबईतही विमानतळ दोन झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. जुन्या विमानतळापासून ते रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर. पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर मधले दोन-तीन तास वेगळे ठेवावे लागतात. तिकिटावर नुसतं मुंबई पाहून समाधान मानू नये, विमानतळाचं नावही वाचावं.

तीन वर्षांची मुदत

बेलोऱ्याचं विमान केंद्राच्या ‘उडान’ योजनेतलं आहे. या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकायच्या असतात आणि त्यातून होणारा तोटा सरकार कंपनीला भरून देतं. बाकीच्या जागांचा भाव बाजारावर चालतो. म्हणूनच शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटात हजार-दोन हजारांचा फरक निघू शकतो. आधी काढणाऱ्याला स्वस्त, शेवटच्या दिवशी काढणाऱ्याला महाग.

ही मदत तीन वर्षांसाठी असते. एप्रिल २०२५ पासून धरलं तर ती एप्रिल २०२८ ला संपते. त्यानंतर कंपनीला स्वतःच्या हिमतीवर विमान चालवावं लागेल. असं देशात किती ठिकाणी जमलं, हे महालेखापरीक्षकांनी म्हणजे ‘कॅग’ने २०२३ च्या अहवालात मोजलंय. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण करणारे ११२, आणि मदत थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले फक्त ५४. दिलेल्या मार्गांच्या शंभरात सात.

लांब जायलाही नको. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईचं विमान मोठ्या थाटात सुरू झालं होतं. तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते बंद पडलं. विमानतळ तिथेच होता, धावपट्टी चांगली होती, कोकणात जाणारे मुंबईकरही कमी नव्हते.

बेलोऱ्याला असं होऊ द्यायचं नसेल तर जागा भरायला हव्यात, आणि जागा भरायच्या तर वेळ लोकांच्या कामाची हवी. अमरावतीहून सकाळी लवकर आणि मुंबईहून संध्याकाळी, रोज, अशी सेवा मिळाली तर एका दिवसात काम उरकून परत येता येईल, आणि मग रेल्वेला हे विमान खरी टक्कर देईल. अडचण मुंबईच्या टोकाला आहे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तिथे उतरायला मिळणारी वेळ, म्हणजे स्लॉट, मोठ्या कंपन्यांनी आधीच धरलेली असते. सत्तर माणसांच्या विमानाला ती देताना विमानतळवाले कचरतात, कारण तेवढ्याच वेळात एकशे ऐंशी माणसांचं विमान उतरू शकतं. नवी मुंबई सुरू झाल्याने ही कोंडी सैल व्हायला हवी. लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा करायचाच असेल तर तो या स्लॉटचा करावा. दिल्ली, पुणे, हैदराबादच्या नव्या विमानांच्या मागण्या कागदावर चांगल्या दिसतात, पण हातात आहे ते मुंबईचं विमान आधी टिकलं पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या हातातली आहे. परतवाडा, दर्यापूर, मोर्शीहून येणाऱ्या माणसाला आज अमरावतीच्या बसस्थानकावर उतरून पुढे बेलोऱ्यासाठी ऑटो किंवा टॅक्सी शोधावी लागते. १५ किलोमीटरला ऑटोवाला म्हणेल ते. परतवाड्याच्या एसटीचं तिकीट एकीकडे आणि ऑटोचं भाडं दुसरीकडे, दुसरंच जड. विमानाच्या दिवशी, विमानाच्या वेळेला जुळवून बडनेऱ्यावरून जाणारी एक बस सोडली तरी स्टेशन आणि बसस्थानक दोन्ही विमानतळाला जोडली जातात. तीन दिवस, जाताना एक फेरी आणि येताना एक. आठवड्याला सहा फेऱ्यांचं काम आहे.